कोनाड्यातला कप

शनिवारी जामसांवलीला पाय ठेवायला जागा नसते. निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन माणसं बाहेर पडतात आणि तशीच चहाच्या टपरीकडे वळतात. कुणी नागपूरचे, कुणी छिंदवाड्याचे, कुणी सौंसर-पांढुर्ण्याकडच्या खेड्यांतले. आम्ही जैन, पण घरी पाहुणे आले की त्यांना मारुतीला न्यावंच लागतं. त्यांचं दर्शन होईस्तोवर मी टपरीच्या बाकावर बसून माणसं बघत राहते. टपरीवाला "किती चहा देऊ?" एवढंच विचारतो. तुम्ही कोण, कोणत्या घरचे, हे विचारत नाही.

मागच्या खेपेला भाची सोबत होती. तीन वर्षं इंग्लंडात राहून आलेली. तिथल्या खेड्यांतल्या पबांचं तिला भारी कौतुक. काउंटरवर जाऊन आपणच मागायचं, पैसे द्यायचे, शेकोटीजवळची खुर्ची धरायची. दारू न पिणाऱ्या पोरीलाही कुणी हटकत नाही. कुठे मालकीण आपुलकीनं बोलते, कुठे "स्वयंपाकघर बंद झालं" म्हणून तोंड फिरवते. पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', लोकांचं घर, हे तिनंच मला सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, आपल्याकडे असं लोकांचं घर नव्हतंच का गं?"

होतं की! गावोगावी धर्मशाळा होत्या, सराया होत्या, उन्हाळ्यात पाणपोया लागत. सराया इतक्या होत्या, की त्यांची नोंद आणि देखरेख व्हावी म्हणून इंग्रज सरकारनं १८६७ साली वेगळा कायदाच केला. आमच्या धर्मात श्रावकाची बारा व्रतं सांगितली आहेत, त्यांतलं एक अतिथिसंविभाग. आपल्या अन्नातला वाटा अतिथीला द्यायचा. तेव्हा आदरातिथ्य आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. अडचण वेगळीच होती. लोकांचं घर होतं, पण 'लोक' कोण, हे दारातच ठरत होतं.

१९१७ सालची गोष्ट घ्या. परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला गेले. एवढ्या शहरात त्यांना उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि त्यांनी जागा सोडायला लावली. एवढा शिकलेला माणूस गाडीची वेळ होईस्तोवर बडोद्याच्या बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला. पैसे मोजून राहणारा गिऱ्हाईक होता तो, फुकट मागणारा नव्हे.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशानं चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. ठराव झाला, दारं मात्र उघडली नाहीत. म्हणून तर १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं. रेल्वेच्या फलाटांवर तर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी सोय असे. गाडी एक, तहान एक, पाण्याचे माठ दोन.

भाची म्हणाली, "पण तिकडे असं नाही." मी म्हटलं, "थांब." इंग्लंडात जुना दंडक असा, की खाणावळीसकट उतारा चालवणाऱ्यानं जागा असेल तर आलेल्या प्रवाशाला सबळ कारणाशिवाय नाकारायचं नाही. तरी १९४३ साली लंडनच्या इंपीरियल हॉटेलनं लिअरी कॉन्स्टंटाईन या वेस्ट इंडियन क्रिकेटपटूला ठेवून घ्यायला नकार दिला. कातडी काळी म्हणून. हॉटेलात उतरलेल्या गोऱ्या अमेरिकनांना चालणार नाही, हे कारण. तो कोर्टात गेला आणि १९४४ साली जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. हॉटेलं, खाणावळी, पब यांत वर्णावरून भेद करायचा नाही, असा कायदा त्या देशात व्हायला १९६५ उजाडलं. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमानं दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना १९५० सालीच खुली केली होती. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध शिक्षेचा कायदाही आला. कागदावर आपण पंधरा वर्षं पुढे.

भाची खूश झाली. मी मात्र गप्प बसले, कारण मला आमच्या घरचा कोनाडा आठवला.

माझं लग्न झालं तेव्हा त्या कायद्याला चाळीस वर्षं होत आली होती. सासरी संत्र्याची बाग. बागेतल्या गड्यासाठी मागच्या पडवीतल्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असे, कान तुटलेला. त्यानं तो काढायचा, मी वरून चहा ओतायचा, त्यानं पिऊन, धुऊन पालथा ठेवायचा. मी बी.ए. झालेली, महाडचं तळं पेपरात लिहून मार्क मिळवलेले. तरी मी वरूनच ओतत होते. एकदा त्याचा नातू सोबत आला. पोर पाचेक वर्षांचं. मी ट्रे घेऊन आतल्या माणसांकडे निघाले होते, त्यातला कप त्यानं सहज उचलला. म्हाताऱ्यानं धावत येऊन तो त्याच्या हातून घेतला, चहा कोनाड्यातल्या कपात ओतला आणि आमचा कप धुऊन माझ्यासमोर ठेवला. मला म्हणाला, "लहान आहे, माफ करजो बाई." तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ट्रे घेऊन आत गेले.

पुढे घर दुरुस्तीला काढलं, कोनाडा बुजला. बागेत तोडणीची माणसं वाढली तसे कागदी पेले आणायला लागलो. सगळ्यांना सारखे. कप कुणी विचार करून फोडला नाही. आता घरात कुणी म्हणतं, "आपल्याकडे तसलं काही राहिलं नाही." खरंय, राहिलं नाही. पण ते काम पेल्यानं केलं, आम्ही नाही. तो पेला सगळ्यांना चालतो, कारण प्यायल्यावर फेकून देता येतो. घरातल्या कपातून कुणाला चहा देतो, ते अजून माणूस बघूनच ठरतं.

हे सगळं मी भाचीला त्या बाकावरच सांगितलं. ती काही बोलली नाही. टपरीवाल्यानं आमचे पेले उचलून टोपलीत टाकले आणि पुढच्या माणसाला विचारलं, "किती चहा देऊ?"