बर्फावरील कर्णधार : आना सिदोरोवा

ज्या खेळाला शतकांची परंपरा असते, त्यांतील विजयाचें श्रेय कांहीं अंशीं पूर्वजांकडेहि जातें. रशियांतील कर्लिंगपटूंना असा वारसा नव्हता. हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. सुमारें वीस किलो वजनाची ग्रॅनाइटची शिळा बर्फावरून सरकवावयाची, सहकाऱ्यांनीं तिच्यापुढील बर्फ झाडूनें घांसून तिची चाल राखावयाची, आणि ती दूरच्या वर्तुळाच्या मध्याशीं नेऊन थांबवावयाची, असें त्याचें स्वरूप. येथें बळापेक्षां अंदाज श्रेष्ठ. आणि अंदाज चुकला कीं दोष कर्णधाराच्या माथीं.

२००६ सालीं ल्युदमिला प्रिविव्कोवा हिच्या संघानें युरोपचें अजिंक्यपद जिंकून रशियाला पहिलें मोठें यश मिळवून दिलें. सिदोरोवा ही तिच्या पुढची पिढी. १९९१ सालीं मॉस्को येथें जन्मलेली ही मुलगी प्रथम फिगर स्केटिंग करीत असे. दुखापतीमुळें तें सुटलें. बर्फ मात्र सुटला नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकांत, ती राष्ट्रीय संघांत होती. २०१२ सालीं स्वीडनमधील कार्लस्टाड येथें तिच्या नेतृत्वाखालीं युरोपचें अजिंक्यपद रशियाकडे परत आलें.

२०१४ सालीं ऑलिंपिक स्वदेशींच, सोची येथें, भरलें. सर्व राष्ट्राचे डोळे लागले असतां तिच्या संघाला नऊ सामन्यांपैकीं तीनच जिंकतां आले. असा पराभव कोणाचेंहि मन मोडावयास पुरेसा होता. परंतु पुढच्याच महिन्यांत, कॅनडांतील सेंट जॉन येथें, त्याच कर्णधारानें जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. रशियन स्त्रियांचें त्या स्पर्धेंतील तें पहिलेंच पदक. २०१५ आणि २०१६ सालींहि कांस्य. मध्यंतरीं युरोपचें आणखी एक अजिंक्यपद. आणि २०१७ सालीं बीजिंग येथें अंतिम सामना. तेथें कॅनडाच्या रेचल होमन हिच्या अपराजित संघापुढें हार पत्करावी लागली व रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें.

इतकें करूनहि २०१८ च्या ऑलिंपिकला तिचा संघ गेला नाहीं. निवड झाली ती विक्टोरिया मोइसेयेवा हिच्या संघाची. सुवर्णाचें व ऑलिंपिक पदकाचें स्वप्न अपुरेंच राहिलें. पण मोइसेयेवानें त्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत कांस्य, आणि अलिना कोवालेवानें २०२१ सालीं रौप्य मिळविलें. जो वारसा सिदोरोवाला लाभला नव्हता, तो तिच्यामागून आलेल्यांना आयताच मिळाला.