‘आपली नोकरी गेली’: ज्युरासिक पार्क, वीस वर्षांनी

आज डायनोसॉरबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर नोकरीबद्दल.

‘ज्युरासिक पार्क’ मी पहिल्यांदा दुसरीत असताना पाहिला. मामाकडे, व्हीसीडीवर, हिंदी डबिंगवाला. टी-रेक्स आला की मी उशीमागे! गेल्या रविवारी परत पाहिला, आणि या वेळी भीती भलत्याच ठिकाणी वाटली. जिवंत डायनोसॉर बघून झाल्यावर डॉ. ग्रँट म्हणतो, आपली तर नोकरीच गेली. बरोबर आहे ना, आयुष्यभर जमिनीतून हाडं उकरणारा माणूस तो. त्यावर माल्कम टोमणा मारतो, नामशेष झालात म्हणा की!

हा संवाद खऱ्या प्रसंगातून आलाय.

झालं असं, की स्टीव्हन स्पीलबर्गच्या मूळ प्लॅनमध्ये कॉम्प्युटरचे डायनोसॉर नव्हतेच. जवळून दिसणारे, यंत्रावर हलणारे मोठे प्राणी स्टॅन विन्स्टन बनवणार होते. पळणारे डायनोसॉर म्हणजे छोटे पुतळे, एकेका फ्रेमला हलवून शूट करायचे. ते काम फिल टिपेट यांचं. ‘स्टार वॉर्स’मधल्या कामामुळे या कलेतलं मोठं नाव.

पण इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये स्टीव्ह विल्यम्स या अ‍ॅनिमेटरने, कुणी सांगितलेलं नसताना, कॉम्प्युटरवर टी-रेक्सचा सांगाडा चालवून दाखवला. पुढच्या चाचण्या बघून स्पीलबर्गने प्लॅनच बदलला. टिपेट म्हणाले, मी नामशेष झालो. स्पीलबर्गने ते वाक्य उचललं आणि सिनेमात टाकलं!

मला खरी गोष्ट याच्या पुढची वाटते. टिपेट यांना काढलं नाही. कारण कॉम्प्युटर चालवणाऱ्या पोरांना सॉफ्टवेअर येत होतं, पण एवढं धूड पाऊल टाकताना वजन कुठे जातं, शिकारी प्राणी झेपावण्याआधी कसा थबकतो, हे टिपेट यांना माहीत होतं. मग सांध्यांमध्ये सेन्सर बसवलेला एक सांगाडा तयार केला. जुन्या कलाकारांनी तो हाताने हलवायचा, कॉम्प्युटरने ती हालचाल टिपायची. 1994 मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालेल्या चौघांमध्ये टिपेटही होते.

आता हे सगळं मला का टोचलं? आमच्या टीममध्ये कोड लिहिणारं टूल आलंय. जे काम करायला मला दोन दिवस लागायचे, ते हे दहा मिनिटांत करतं. त्या दिवशी मी काही बोललो नाही, पण पोटात गोळा आला होता.

म्हणून उगाच ‘सगळं छान होईल’ असं मी म्हणणार नाही. पुतळे हलवायची ती कला मोठ्या सिनेमांतून मागे पडलीच, आणि प्रत्येकाला स्पीलबर्ग भेटत नाही. पण एक प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय: माझ्या कामात बोटांचं किती आणि नजरेचं किती? बोटांचं काम जाईल. नजर मात्र आतापासून कमवावी लागेल.

तुमच्या कामात ‘नजर’ म्हणजे काय? विचार करा, आणि ‘ज्युरासिक पार्क’ एकदा परत बघा. उशी जवळ ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!