कोलाडची वाघीण, पेणचा साचा आणि स्वतःला बदलणारी लिनक्स

रोहा तालुक्यातील कोलाड स्थानकात १९९९ साली एक नवी सेवा सुरू झाली. मालाने भरलेले ट्रक चालकासह रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढू लागले आणि गोव्यातील वेर्ण्याला उतरू लागले. ट्रकमध्ये आंबे आहेत की लोखंड, याच्याशी वाघिणीला कर्तव्य नव्हते. पेणच्या शेजारी उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. संगणकातील ‘कंटेनर’ हे नाव अशा बंदरांतूनच आले.

कल्पना तशी जुनी. युनिक्समध्ये १९७९ सालीच ‘सीएचरूट’ होते. मात्र मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर मांडले आणि ही युक्ती सर्वांच्या हाती आली. डॉकरची ‘इमेज’ म्हणजे पेणच्या गणपती कारखान्यातील साचाच. मूर्तीत दोष आढळला तर प्रत्येक मूर्ती डागडुजत बसायचे नाही. साचा दुरुस्त करून नव्या मूर्ती काढायच्या.

मग सारा माल खोक्यांत बंद असेल, तर खालची वाघीण कशी हवी?

त्याच २०१३ साली ॲलेक्स पोल्व्ही आणि ब्रँडन फिलिप्स यांच्या कोअरओएसने याचे धाडसी उत्तर दिले. साध्या सर्व्हरवर शेकडो पॅकेजे असतात आणि ती अद्ययावत ठेवणारा माणूस कधीतरी विसरतोच. कोअरओएसने पॅकेज मॅनेजरच काढून टाकला. प्रणालीचा गाभा केवळ वाचता येईल असा ठेवला आणि त्याच्यासाठी डिस्कवर दोन कप्पे केले. एका कप्प्यातून यंत्र चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्यात उतरते. पुढच्या रीबूटला यंत्र तिच्यावर जाते. ती उभी राहिली नाही, तर जुना कप्पा शाबूत असतो. ही रचना क्रोमओएसकडून घेतलेली. सगळी यंत्रे एकाच वेळी रीबूट होऊ नयेत, म्हणून त्यांना पाळीपाळीने परवानगी देणारी व्यवस्थाही होती. ही खरी दूरदृष्टी!

पण स्वतःला अद्ययावत करणाऱ्या यंत्रालाही अद्यतन पाठवणारा कोणीतरी लागतो. जानेवारी २०१८मध्ये रेड हॅटने कोअरओएस २५ कोटी डॉलरना घेतली आणि २६ मे २०२० रोजी ‘कंटेनर लिनक्स’चा आधार संपला. (२६ मे हाच न्हावा शेवा बंदराचाही दिवस, १९८९चा. निव्वळ योगायोग.) त्या तारखेनंतर या यंत्रांना सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळणार नव्हती.

वारसदार दोन होते. रेड हॅटच्या छत्राखालील फेडोरा कोअरओएसकडे जायचे, तर यंत्र नव्याने उभारावे लागे. बर्लिनच्या किनव्होकने २०१८मध्येच मूळ संहितेची शाखा काढून फ्लॅटकार घडवली होती. तिच्यावर जागच्या जागी जाता येई. तेव्हाच्या प्रशासकासाठी दुसरी वाट निःसंशय सोपी होती. तरी २०२१मध्ये किनव्होकही मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि जुनी धाकधूक परतली. अखेर २०२४मध्ये फ्लॅटकार क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवली गेली, आणि तिची मालकी एका कंपनीच्या हाती उरली नाही.