वायूची पारख

गोवळकोंड्याच्या सावलीत वाढलेल्या आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना हिरा म्हटले की कृष्णाकाठची कोल्लूरची खाणच आठवते. पण वायूतल्या कार्बनपासूनही हिरा वाढतो, हे अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी १९५२-५३ मध्येच दाखवले होते. वाढ फार संथ, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. मॉस्कोत डेर्यागिन आणि क्लीव्हलंडमध्ये जॉन अँगस यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी तापलेल्या तारेजवळ हिऱ्याचा थर वाढवला, तेव्हा जगाला पटले.

पुढे वेग हवा म्हणून प्लाझ्माचा झोत आला. हायड्रोजनात थोडा मिथेन मिसळायचा, वेल्डिंगसारख्या विजेच्या ज्वाळेने हजारो अंश तापवायचा आणि गार राखलेल्या पट्टीवर सोडायचा. त्यात थर्मामीटर घातला तर तोच वितळेल! मग संशोधकांनी झोतात नेमक्या रंगाचा लेझर सोडला. त्यातले कार्बन-हायड्रोजनचे क्षणजीवी रेणू त्याने उजळतात. त्या उजेडावरून तापमान आणि प्रमाण कळते, रंगातल्या सूक्ष्म फरकावरून वेग. हे आकडे हाती आले, तशी थराच्या वाढीची गणिते पडताळून पाहता येऊ लागली.

आमच्या गोवळकोंड्याने तयार हिरे पारखले. या मंडळींनी हिरा होण्याआधीचा वायू पारखला. दोन्हीकडे तयार नजर हवी, आणि धीरही.