बाई काढली की उरते ते नाव

मुलीला एखाद्या संत-स्त्रीचे नाव ठेवावे, अशी इच्छा हल्ली बऱ्याच घरांत बोलून दाखवली जाते. पण बारसे जवळ आले की यादी मुक्ता आणि मीरा या दोन नावांवर येऊन थांबते. जना, सोयरा, बहिणा, वेणा यांच्यापर्यंत कुणी जात नाही. याचे एक कारण 'बाई' हे असावे. जनाबाई, सोयराबाई असे सलग म्हणायची जिभेला इतकी सवय झाली आहे, की 'बाई' हा वरून चढवलेला मान आहे हेच विसरायला होते. मराठीत बाईमाणसाच्या नावाला चार पायऱ्या असत: गंगी, गंगा, गंगाबाई, गंगाई. पहिली हाक मारायची, शेवटची हात जोडायची. मुक्ता चौथ्या पायरीवर जाऊन मुक्ताई झाली. जनाबाई मात्र आपल्या अभंगांखाली सही करते ती पहिल्या पायरीवरूनच: जनी.

नावांकडे वळण्याआधी 'संत' या शब्दाचीच थोडी झडती घेऊ. संस्कृतात 'सत्', मूळ धातू अस्, म्हणजे असणे. त्याचे अनेकवचन 'सन्तः'. मराठीने हे अनेकवचन उचलून एकवचनासारखे वापरले असे दिसते. पोर्तुगिजांचा 'सांतो' किंवा 'सांता' कानाला याचा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ लॅटिन 'सांक्तुस', म्हणजे विधिपूर्वक पवित्र ठरवलेला. या सांताचे एक गोमंतकी आडवळण मला फार आवडते. तिसवाडीत सांत आनाचे, म्हणजे येशूच्या आजीचे, चर्च आहे. जुलैअखेरच्या तिच्या फेस्ताला मूल हवे असलेली जोडपी काकडी वाहतात, म्हणून ते 'तवशांचे फेस्त'. (तवसे हे संस्कृत त्रपुस, प्राकृत तउस यांवरून आलेले दिसते.) सांत आना बोलताना होते सांतान, आणि संस्कृत 'संतान' म्हणजे अपत्य, सम् आणि तन्, पुढे पसरत गेलेला धागा. सांतानकडे संतान मागायचे! दोन शब्दांचा काडीचाही संबंध नाही, पण ज्याने त्यांची गाठ घातली त्या योगायोगाला दाद द्यावी. आना हे मुळात हिब्रू 'हन्ना', अर्थ कृपा.

आता मुक्ता. मुच् म्हणजे सोडणे, त्यावरून मुक्त, ही व्युत्पत्ती सरळ आहे. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावे ओळीने वाचली की ती आईबापांनी ठरवून रचल्यासारखी वाटतात, आणि कीर्तनकार हा जिना श्रोत्यांना चढवतातच. पण 'मुक्ता' म्हणजे मोतीही. शिंपल्यातून सुटलेली म्हणून मुक्ता, असे संस्कृत पंडित सांगतात. तमिळ आणि कानडीत मात्र मोत्याला 'मुत्तु' म्हणतात, आणि मोती दक्षिणेच्या समुद्रातला. तेव्हा 'मुत्तु' हा द्राविडी शब्दच संस्कृतात येताना 'मुक्ता' असे सोवळे नेसून आला असावा, या मताला बरेच वजन आहे. मराठीने 'मौक्तिक'चे पुन्हा मोती करून त्याला त्याच्या जुन्या उच्चाराच्या जवळ नेऊन सोडले. इकडे मुच् धातूच्या घरात 'मोकळा' आणि 'मुकणे' हे दोन मराठी शब्दही राहत असावेत. सुटण्याचे सुख एकाकडे, सुटून गेल्याचे दुःख दुसऱ्याकडे. शिवाय कुणी काहीतरी बरळले की आपण त्याने 'मुक्ताफळे उधळली' म्हणतो. इतके असूनही नावाचे तेज कमी झाले नाही. 1855 साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी हीसुद्धा मुक्ताच. म्हणजे या नावाला दोन थोर मालकिणी आहेत.

जनी हे नाव साधे दिसते आणि तिथेच चकवते. 'जन' म्हणजे लोक, जन् म्हणजे जन्मणे, त्यातलेच हे असणार असे वाटते, आणि गंगाखेडच्या दमा आणि करुंड या आईबापांच्या मनातही तसेच काही असावे. पण वेदांत 'जनि' असा एक शब्द आहे, अर्थ स्त्री, पत्नी. तो जन् धातूचा वाटतो खरा, तरी तुलनाकारांच्या मते त्याचे मूळ वेगळे. पुरावा अवेस्तेत मिळतो. तिथे जन्मण्याच्या धातूला दंत्य 'ज़' आहे आणि स्त्रीवाचक 'जइनि'ला तालव्य 'ज'. संस्कृतात दोघांचे उच्चार एक झाले आणि दोन परकी घराणी एका आडनावाने ओळखली जाऊ लागली. पुढे फारसीतही दोन्हींचा 'ज़' झाला: जन्मण्यावरून 'ज़ादा', म्हणून शहाजादा; आणि स्त्रीवरून 'ज़न', म्हणून जनाना आणि आपला जनानखाना. ग्रीक 'गुने' आणि इंग्रजांची 'क्वीन' याच दुसऱ्या घराण्यातल्या. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनीच्या नावाशी ध्वनिसाम्य असलेला शब्द राणीवाचक शब्दाचा नातलग निघावा, याने मी हरखतो. जनीचे नाव प्रत्यक्ष वैदिक 'जनि'वरून आले असे म्हणायला आधार नाही, हेही सांगून ठेवतो.

कान्होपात्रेचे कोडे निराळे. पूर्वार्ध सोपा: कृष्ण, कण्ह, कान्हो. 'पात्रा' म्हणजे कृष्णकृपेला पात्र झालेली, असे आज आपण भाविकपणे समजतो. पण 'पात्र' म्हणजे नाटकातली भूमिका करणारा, आणि मध्ययुगात नाचणारी स्त्रीही. हिंदीतले पातुर आणि पतुरिया हे शब्द यातूनच निघाले, आणि त्यांचा अर्थ घसरत घसरत कुठे गेला ते सांगायला नको. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेच्या मुलीचे नाव तेव्हा पेशाचेच असावे, 'कान्हो नावाची नर्तकी' एवढ्याच अर्थाचे. भक्तीचा अर्थ तिने पुढे आपल्या आयुष्याने त्यात घातला. मुलीसाठी नाव जरा लांब आहे, हे मान्य.

बहिणेत मात्र अर्थाची लपवाछपवी नाही. भगिनीतला 'ग' गळाला, 'भ'मधला हकार सुटून पुढे जाऊन बसला आणि बहीण झाली. भगिनी म्हणजे 'भग' असलेली. भग म्हणजे वाटा, नशीब, ऐश्वर्य, धातू भज्, वाटून घेणे. जुन्या इराणी भाषांत हाच 'बग' देव या अर्थी येतो, आणि बगदाद म्हणजे देवाने दिलेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिऊरची तुकारामशिष्या (1628–1700) आणि जळगावकडच्या आसोद्याची बहिणाबाई चौधरी (1880–1951), दोघींना हे नाव पाळण्यातच मिळाले. अक्का, ताई, आऊ, बहिणा अशी नाती नावे म्हणून ठेवायची आपली रीत जुनी. अडचण एवढीच, की अशा मुलीला तिचा नवराही बहिणा म्हणणार.

नात्याचेच दुसरे नाव सोयरा, आणि माझा जीव खरा इथे अडकतो. स-उदर, म्हणजे एका पोटचा, तो सोदर. त्याचे सोअर, आणि यश्रुती होऊन सोयरा, अशी वाटचाल असावी. पण अर्थाने मधेच बाजू बदलली. सोदर म्हणजे सख्खा भाऊ. सोयरा म्हणजे लग्नाने जोडला गेलेला. 'सगेसोयरे' म्हणताना आपण सग्यांना रक्ताकडे आणि सोयऱ्यांना मांडवाकडे उभे करतो. एका पोटचे म्हणता म्हणता व्याही कसे झाले? 'जवळचा माणूस' हा मधला मुक्काम असावा, इतकेच सुचते.

याच्याच शेजारी 'सोयर' आहे, बाळंतपणाचा विटाळ, 'सोयरसुतक' या जोडीतला. त्याचे मूळ सूतिकागृहाकडे जाते असे दिसते, म्हणजे सोयऱ्याशी त्याचे नाते नसावे. पण संत चोखोबांची बायको सोयरा हिच्या बाबतीत हे दोन शब्द वेगळे ठेवणे जड जाते. विटाळाशिवाय देह कुणाचा, हा प्रश्न तिने अभंगात विठ्ठलालाच विचारला. आणि तिचे बाळंतपण करायला विठ्ठल स्वतः नणंदेचे रूप घेऊन आला, अशी कथा आहे. त्या नणंदेचे नाव निर्मळा. भाऊ चोखा, म्हणजे प्राकृत चोक्ख, शुद्ध; बहीण निर्मळा, पुन्हा शुद्धच. ज्यांना गावाने शिवाशिवीपोटी वेशीबाहेर ठेवले, त्यांनी मुलांची नावे अशी ठेवली. तिथे तिसरी आली ती सोयरा, सगळ्यांची आपली.

मग हे नाव मागे का पडले? थोरला दोष कादंबऱ्या आणि नाटकांचा असावा. शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाई त्यांनी इतक्या काळ्या रंगात रंगवल्या, की नाव घेताच लोकांना गडावरची कारस्थाने आठवतात आणि चोखोबांची सोयरा मागे राहते.

मला विचाराल तर यादीत सोयरा पहिली, जनी दुसरी. मुक्ता सुंदरच आहे, पण वर्गात तीन-तीन मुक्ता निघतात. मीरेला मी मुद्दामच हात लावला नाही. तिच्या नावात अरबी 'अमीर' आहे की संस्कृत कोशांतला समुद्रवाचक 'मीर', हा वाद वेगळ्या लेखाचा आहे. आणि एक विनंती: आपल्या माहितीत दाखल्यावर 'जनी' असे नाव असलेली कुणी असेल, तर घरात तिला जनी म्हणतात, जना की जनाई, हे विचारून जरूर कळवा.