मांजराच्या साखरेची कथा



वऱ्हाडच्या वैशाखांत कोणी पाणी फार पितो म्हणून कोणी काळजी करीत नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेलेला, सकाळीं भरलेला माठ दुपारीं रिता झालेला, अशा दिवसांत माणसें काय आणि मांजरें काय, सारींच पाण्याभोंवतीं घुटमळत असतात. म्हणून अकोल्यास आमच्या जठारपेठेंतील शेजारघरचा बोका दिवसांतून चार चार वेळां आपली वाटी रिकामी करूं लागला, तेव्हां त्या घरांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. वय दहा वर्षें, लहानपणींच खच्ची केलेला, एके काळीं वजन चांगलें सात किलो. खाणें पूर्वीपेक्षां वाढलेलें, आणि तरी पाठीवरून हात फिरवावा तों कणा बोटांस लागे. मीं विषय काढला तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वय झालं त्याचं, अन् यंदाचं ऊन काय कमी आहे?"

पुढें तो मागील पाय टाचेपर्यंत जमिनीस टेकवून चालूं लागला, आणि त्याच्या वाळूच्या घमेल्याच्या कडेस एके सकाळीं मुंग्यांची रांग दिसली. तेव्हां मात्र मला चरकाचें स्मरण झालें.

चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वचिन्हें सांगतांना रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आणि भुंगे धांव घेतात, अशी नोंद आहे. सुश्रुतानें त्यापुढें जाऊन प्रमेहाचे दोन वर्ग केले: एक जन्मजात, दुसरा अपथ्यानें जडलेला. पहिल्याचा रोगी कृश आणि तहानेनें व्याकुळ. दुसऱ्याचा स्थूल, बहुभक्षी, आणि शय्या, आसन व निद्रा यांचा शोकी. हें दुसरें वर्णन वाचतांना आमच्या बोक्याचे सुखाचे दिवस डोळ्यांपुढें उभे राहतात, आणि आजचें शास्त्र पाहिलें तरी मांजरास होणारा मधुमेह बहुधा याच दुसऱ्या वर्गांत बसतो. मुंग्यांवर मात्र फार भिस्त ठेवूं नये. त्या इतर कारणांनींही येतात, आणि साखर असूनही कित्येकदां येत नाहींत. युरोपांत लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ मध्यें रोग्याचें मूत्र आटवून मागें राहिलेली साखर दाखवून दिली, आणि तेव्हांपासून मुंगीचें काम परीक्षानळीकडे आलें.

आपल्याकडे पशुवैद्यकाची परंपरा जुनी, पण तिच्यांत मांजरास जागा नव्हती. शालिहोत्रानें घोड्याचा विचार केला, पालकाप्यानें हत्तीचा. इंग्रजी अमलांतही निवड उपयुक्ततेचीच होती. मुंबईस परळ येथें १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८९ मध्यें जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि ती १८९३ मध्यें हिमालयांतील मुक्तेश्वरास गेली. या साऱ्या उद्योगामागें लष्कराचा घोडा होता, शेतकऱ्याचा बैल होता, आणि हजारोंनीं गुरें मारणारी बुळकांडी होती. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचें भांडवल म्हणजे त्याची बैलजोडी. मांजर ज्वारीच्या कणगीजवळचे उंदीर मारून आपलें पोट आपण भरी, आणि आजारी पडलें तर कोठें तरी जाऊन मरे. त्याला मधुमेह होण्याइतकें आयुष्य व आराम मिळत होता कोठें? उंदरांचें काम सुटलें, गच्चीवरचें भटकणें सुटलें, वाटींत आयतें अन्न आलें, तेव्हां हा रोग घरांत दिसूं लागला. आज अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे आणि कुत्र्यामांजरांचे डॉक्टरही आहेत. हा बदल अलीकडचा आहे, हें लक्षांत ठेवावें.

असें असलें तरी मधुमेहाच्या इतिहासांत मांजर फार पूर्वीं शिरलेलें आहे. रोगी म्हणून नव्हे, प्रयोगशाळेंतील बंदी म्हणून. १८७८ मध्यें बोह्म आणि हॉफमन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनीं मांजरांस फळीवर बांधून कांहीं प्रयोग केले. या निरोगी मांजरांच्या मूत्रांत साखर उतरूं लागली. तिला त्यांनीं जें जर्मन नांव दिलें त्याचा अर्थ 'बांधणीचा मधुमेह'. पुढें अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन यानें १९११ मध्यें सहकाऱ्यांसह तोच प्रश्न पुन्हां हातीं घेतला. मांजरास इजा होणार नाहीं अशा बेतानें धरून ठेवलें, किंवा पिंजऱ्यांतील मांजराजवळ भुंकणारा कुत्रा आणला, तरी साखर दिसे. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या कीं भीति असूनही ती दिसत नसे. म्हणजे भयानें या ग्रंथींचा रस रक्तांत सुटतो आणि तो यकृतांतील सांठा मोकळा करतो. कॅनननें पुढें फुटबॉलच्या पंचवीस खेळाडूंचें मूत्र सामन्यानंतर तपासलें. बारा जणांत साखर निघाली, आणि त्यांपैकीं पांच जण मैदानांत उतरलेच नव्हते, नुसते राखीव म्हणून बांकावर बसले होते! माणसांत ही गोष्ट थोडक्यांत आटोपते. मांजर मात्र या बाबतींत फार हळवें. डॉक्टरांच्या टेबलावर त्याच्या रक्तांतील साखर तीनशेंच्याही वर जाऊं शकते, आणि घरीं येऊन तें निजलें कीं कांहीं तासांत उतरते.

हा इतिहास मीं इतका लांबवला याचें कारण आमचा बोका. त्यास टोपलींत घालून भर दुपारीं रिक्षानें नेलें. रस्त्यावरचे भोंगे, दवाखान्याच्या बांकाखालीं गुरगुरणारा एक अल्सेशियन, मग अनोळखी हात आणि सुई. साखर निघाली ३४० मिलिग्रॅम. वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि त्याच दिवशीं इन्सुलिन सुरू करावें असें घरच्यांस वाटूं लागलें. हा आंकडा भयाचा कीं रोगाचा, हें त्या एका थेंबावरून सांगतां येत नव्हतें. निरोगी पण घाबरलेल्या मांजरास इन्सुलिन टोंचलें तर साखर इतकी खालीं जाईल कीं त्याचा जीवही जाऊं शकेल. आणि खऱ्या रोग्यास भित्रा समजून परत पाठवलें तर तें महिन्या दोन महिन्यांत झिजून जाईल. चूक दोन्हीकडे प्राणाशीं गांठ घालणारी.

डॉक्टरांनीं घाई केली नाहीं. रक्ताचा दुसरा नमुना फ्रुक्टोसमाईन नांवाच्या तपासणीसाठीं पाठवला. रक्तांतील प्रथिनांस साखर हळूहळू चिकटत असते. किती चिकटली हें पाहिलें म्हणजे मागील एक दोन आठवड्यांची सरासरी कळते, आणि दुपारच्या रिक्षाचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. याखेरीज घरचें मूत्र तपासण्यास सांगितलें. घमेल्यांत वाळूऐवजीं धुतलेल्या बारीक खड्यांचा थर घालावा, खालीं सांठलेलें मूत्र घ्यावें आणि त्यांत औषधांच्या दुकानांत मिळणारी पट्टी बुडवावी. माणसाच्या मूत्रांत रक्तांतील साखर सुमारें १८० च्या वर गेली कीं ती उतरते. मांजराचें मूत्रपिंड ती २५० च्या पलीकडेपर्यंत अडवून धरतें. तेव्हां आपल्या नेहमींच्या कोपऱ्यांत निवांत असलेल्या मांजराच्या मूत्रांत दिवसामागून दिवस साखर दिसत राहिली, तर संशयास फारशी जागा उरत नाहीं. मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक हेही म्हाताऱ्या मांजरांस तहान लावतात व वाळवतात. म्हणून त्यांचीही परीक्षा त्याच रक्तांत करून घेतली.

आतां प्रश्न उरतो उन्हाळ्याचा. पाणी मांजरानें प्यालें कीं उन्हानें, हें कसें ओळखावें? त्यास एक सोपी युक्ति आहे. सारख्या आकाराचीं दोन भांडीं घ्यावीं, दोन्हींत मोजून सारखें पाणी घालावें. एक मांजरापुढें ठेवावें आणि दुसरें त्याच खोलींत, पण त्याचें तोंड पोंचणार नाहीं अशा जागीं. चोवीस तासांनीं दुसऱ्यांतील जेवढें आटलें तेवढें पहिल्याच्या हिशेबांतून वजा करावें. चार किलोच्या मांजरानें दिवसाकांठीं ४०० मिलिलिटरच्या वर पाणी पिणें हें अतितृष्णेचें लक्षण होय. त्याच्या निम्म्यावर गेलें तरी डॉक्टरांच्या कानीं घालावें. आमच्या बोक्याचा आंकडा वजावट करूनही साडेचारशें निघाला. फ्रुक्टोसमाईनही वाढलेलें आलें. रोग खरा होता.

खरा म्हणजे कसा, हें कळण्यास शास्त्रज्ञांस बराच काळ लागला. १८८९ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें आणि त्यास तीव्र मधुमेह जडला. रोगाचें मूळ कोठें शोधावें हें तेव्हां समजलें. १९२१ मध्यें टोरांटोस बँटिंग आणि बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला, कॉलिप यानें तो शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोंचण्यांत आला. कुत्र्यांचा हा वांटा सर्वांस ठाऊक आहे. मांजराचा वांटा त्यामानानें अप्रसिद्ध. १९०१ मध्यें यूजीन ओपी यानें मधुमेही माणसांच्या स्वादुपिंडांतील बेटांवर कांचेसारखा एक थर चढलेला पाहिला. हा थर कशाचा, हें कोडें १९८७ मध्यें स्वीडनच्या वेस्टरमार्क यांनीं उलगडलें, तें माणसाच्या ग्रंथींतील एक गांठ आणि मधुमेही मांजराचें स्वादुपिंड अशीं दोन्ही शेजारीं ठेवून. थर एकाच प्रथिनाचा निघाला. माणसाच्या उतारवयांतील मधुमेहाशीं इतकें जवळचें नातें फारच थोड्या प्राण्यांचें आहे. लठ्ठपणा, बैठें जीवन, नर असणें, खच्ची केलेलें असणें, आणि खाजेसाठीं वारंवार घेतलेलीं स्टिरॉईडचीं इंजेक्शनें, हीं सारीं मांजरास त्या वाटेनें नेतात.

उपायांत पहिला अन्नाचा. येथें आपल्या घरांतील वत्सलता आड येते. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी. गोडाची चव ओळखणारें एक जनुक त्याच्या वंशांत निकामी झालेलें आहे, असें २००५ मध्यें सिद्ध झालें. त्याला साखर गोड लागतच नाहीं. असें असून आपण त्यास दूधपोळी, दूधभात आणि पिठूळ कोरडे दाणे घालतों! मांस, मासे, अंडें यांचें प्रमाण फार व पिष्टाचें अत्यल्प, असा आहार दिला तर इन्सुलिनची गरज पुष्कळ उतरते. पण इन्सुलिन चालू असतां आहार एकाएकीं बदलूं नये; डॉक्टरांस सांगूनच बदलावा.

दुसरा उपाय इन्सुलिनचा. पूर्वीं तें गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत, आणि गाईबैलांचें इन्सुलिन मांजराच्या इन्सुलिनहून अवघ्या एका दुव्यानें निराळें आहे. आज बहुधा माणसांसाठीं बनवलेलें ग्लार्जीन दर बारा तासांनीं देतात. सुई बारीक असते. बोका जेवतांना त्याच्या मानेमागील सैल कातडीखालीं दिली तर तो मान वरही करीत नाहीं. काळजी घ्यावयाची ती पिचकारीची. आपल्या देशांत एका मिलिलिटरांत ४० एकक आणि १०० एकक अशीं दोन्ही इन्सुलिनें मिळतात, आणि त्यांच्या पिचकाऱ्याही वेगळ्या. शंभराचें इन्सुलिन चाळीसच्या पिचकारीनें भरलें कीं मात्रा अडीचपट जाते. म्हणून दुकानदारापुढें शिशी आणि पिचकारी दोन्ही ताडून पाहाव्या. मांजर लटपटूं लागलें, गळून पडलें किंवा त्यास झटके आले, तर हिरड्यांस मध किंवा ग्लुकोजचें दाट पाणी चोळावें आणि तत्काळ दवाखाना गांठावा. तें जेवत नसेल तर नेहमींची मात्रा टोंचूं नये, डॉक्टरांस विचारावें. खाणें सोडून वांत्या करूं लागलेलें मधुमेही मांजर दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यासारखें नसतें.

फॉन मेरिंग यानेंच १८८६ मध्यें आणखी एक शोध लावला होता. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतील फ्लोरिझिन या द्रव्यानें साखर मूत्रावाटे वाहून जाते, हा तो शोध. त्याच कल्पनेवर बेतलेलें, तोंडानें देण्याचें औषध अमेरिकेंत डिसेंबर २०२२ मध्यें मांजरांसाठीं मान्य झालें. परंतु तें सर्वांस चालत नाहीं. ज्यांस पूर्वीं इन्सुलिन दिलें आहे अशा मांजरांस तर वर्ज्य आहे, आणि रक्तांतील साखर ठीक दिसत असतांही त्यानें कीटोनांचें विष चढूं शकतें.

वेळेवर सुरुवात झाली तर कित्येक मांजरांचें इन्सुलिन कांहीं महिन्यांत सुटतें. आमच्या बोक्याचें अजून सुटलेलें नाहीं. पण पावसाळ्यांत मात्रा दोनदां कमी झाली. आतां त्यास टोपलींत घालून दवाखान्यांत न्यावें लागत नाहीं. वहिनी खिडकीपाशीं बसून त्याच्या कानाच्या कडेचा एक थेंब यंत्रावर घेतात, आणि तो डोळे मिटून बसलेला असतो. मागील पाय पुरते उचलले जात नाहींत. परवां मात्र तो गच्चीच्या कठड्यावर चढला. वहिनींनीं त्यास उतरवलें, रागावल्या, आणि मग भांड्यांतील पाणी मोजून वहींत लिहिलें: १६०.