नागपाडा ते तुळजापूर : समाजकार्याच्या शिक्षणाची वाटचाल

समाजकार्य शिकावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे उशिरा रुजली. महाराष्ट्रात सेवाभावाची उणीव कधीच नव्हती. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. पण कार्यकर्ता घडायचा तो कोणा जाणत्या माणसामागे हिंडून, चुकतमाकत. वकिलाला किंवा डॉक्टरला शिक्षण लागते, तसे ते दारूबंदीचे किंवा अनाथ मुलांचे काम करणाऱ्यालाही लागते, असे फारसे कोणाच्या मनात येत नव्हते.

ते क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या मनात आले. अमेरिकन मराठी मिशनतर्फे ते मुंबईत आले होते आणि विसाच्या दशकात त्यांनी नागपाड्याला ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला चाळी, भोवती गिरण्या आणि गोदीतले कष्टकरी, अशी ती जागा. तिथे काम करताना मॅनशार्ट यांनी पाहिले की मदतीला येणारी माणसे सज्जन आहेत, पण दारिद्र्य, व्यसन, आजार, बेकारी एकमेकांत कशी गुंतली आहेत, हे त्यांना ओळखता येत नाही. १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा वारले आणि त्यांच्या संपत्तीचा न्यास कामाला लागला. हा पैसा केवळ दानात वाटून संपवू नये, त्यातून माणसे तयार करावीत, हा विचार मॅनशार्ट यांनी विश्वस्तांपुढे ठेवला. विश्वस्तांनी तो मानला. १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था सुरू झाली. नाव होते सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पदविका समाजसेवा प्रशासनाची. प्रवेश पदवीधरांसाठी होता, आणि ही अट पुढे कित्येक दशके टिकली. तिचे काय झाले, हे पुढे येईलच.

पहिल्या दहा-बारा वर्षांतला वेग आजही थक्क करतो. १९३७ मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. देशातले ते अशा प्रकारचे पहिले केंद्र. १९४० पासून ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक निघू लागले. मॅनशार्ट परतल्यावर १९४१ मध्ये जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे हे बंधू. १९४४ मध्ये संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे आजचे नाव मिळाले. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि दोन वर्षांनी संस्थेत वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. मध्ये फाळणी आली. कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत लाखो माणसे येऊन पडली होती, आणि मुंबईचे विद्यार्थी वर्ग सोडून तिकडे कामाला गेले. यादी करणे, हरवलेली मुले आणि त्यांचे आईबाप यांची गाठ घालून देणे, रांगा लावणे, रडणाऱ्या माणसाजवळ बसणे, हे सगळे पुस्तकात सापडणारे नव्हते.

पुढच्या काळात संस्थेचा जम बसला तो कायद्यामुळे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. समाजकार्य शिकलेल्या माणसाला नियमित पगाराची, मान असलेली नोकरी मिळू लागली. हे नीट लक्षात ठेवावे असे मला वाटते. समाजकार्याचे शिक्षण फुलले ते केवळ आदर्शवादावर नाही. कायद्याने एक पद निर्माण केले, त्या पदासाठी शिक्षण अनिवार्य ठरले, म्हणून ते फुलले.

१९५४ मध्ये संस्था देवनारला आली. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पदविकेच्या जागी एम. ए. पदवी आली. १९६२ ते १९८२ ही वीस वर्षे मा. स. गोरे संचालक होते. विठ्ठल रामजी शिंदे आणि डॉ. आंबेडकर यांच्या विचारांवर लिहिणारे हे समाजशास्त्रज्ञ. व्यक्तीच्या अडचणींकडे समाजरचनेच्या अंगाने पाहायची सवय शिक्षणाला लागली, त्यात गोऱ्यांचा वाटा मोठा. त्यांच्यानंतर आलेल्या आर्मायटी देसाई याआधी मुंबईच्याच निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी त्याला ‘फिल्डवर्क’च म्हणतात. आठवड्यातले ठरलेले दिवस वर्गात न बसता एखाद्या संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात, पोलीस ठाण्यात किंवा गावात काम करायचे. परत आल्यावर जे पाहिले, जे बोलले, जे जमले नाही ते सविस्तर लिहायचे, याला ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात. मग पर्यवेक्षकाबरोबर एकट्याने बसायचे आणि नंतर गटात बसायचे. या बैठकांना विद्यार्थी ‘आयसी’ आणि ‘जीसी’ म्हणतात. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात सगळे शिक्षण इथे घडते. एखादी विद्यार्थिनी लिहून आणते, ‘बाईंना बचतगटात येण्याचा सल्ला दिला, त्या तयार झाल्या.’ पर्यवेक्षक विचारतात, त्या कशावर तयार झाल्या? घरात कोणाला विचारावे लागले? पहिला हप्ता कुठून भरणार? तुला बरे वाटावे म्हणून तर ‘हो’ म्हणाल्या नाहीत ना? या प्रश्नांतून मदत करण्याचा उत्साह हळूहळू समजून घेण्याकडे वळतो. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धतींवर धडे आहेत, परीक्षा आहेत, पण त्या अंगवळणी पडतात त्या या बैठकांमुळेच. चांगला पर्यवेक्षक नसेल तर क्षेत्रकार्य म्हणजे नुसती हजेरी. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत एकेका शिक्षकाकडे इतके विद्यार्थी असतात की बैठक पाच मिनिटांत उरकते, आणि पदवीचा दर्जा तिथेच घसरतो.

क्षेत्रकार्यातून संस्थेने स्वतःचे प्रकल्पही उभे केले. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरात मार खाणारी बाई पोलीस ठाण्यात येते तेव्हा तिच्याशी बोलायला तिथेच समाजकार्यकर्ता असावा, ही त्यामागची कल्पना. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, २००५ मध्ये आला. १९९० मध्ये कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘प्रयास’ उभा राहिला. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी संस्थेतूनच १०९८ ही चाइल्डलाइन सुरू केली. ‘कोशिश’ हा प्रकल्प बेघर आणि भिक्षेकरी यांच्यासाठी. याच प्रकल्पाच्या पाहणीतून २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवाऱ्यातील मुलींवरचे अत्याचार उघड झाले. वर्गात काय शिकवले जाते, याची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

पण एक आक्षेप सतत होता आणि तो खरा होता. अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकन शहरातला, विद्यार्थी मुख्यत्वे शहरी पदवीधर, शिक्षण इंग्रजीतून, आणि देश खेड्यांचा. देवनारमधून दर वर्षी ग्रामीण शिबिरे जात, पण शिबिर संपले की विद्यार्थी परत मुंबईला. ऐंशीच्या दशकात संस्थेने याला उत्तर शोधले आणि तुळजापूरला ग्रामीण केंद्र सुरू केले. बालाघाटच्या डोंगररांगेतला, पावसाच्या लहरीवर जगणारा हा मुलूख. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि निम्मे गाव कुलूपबंद होते. सोबत गेलेल्या मुलांची शाळा अर्धवट राहते. समाजकार्य शिकायला याहून योग्य जागा निवडता आली नसती.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जागेची मोठी कसोटी घेऊन आली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी पाहणीला आणि पुनर्वसनाच्या कामाला उतरले. सिमेंटची घरे उभी करणे अभियंत्यांचे काम होते. पण कोणाला कुठला भूखंड, शेजारी कोण, जुन्या गावातली वाड्यांची रचना आणि त्यातली जातीची कुंपणे नव्या गावात तशीच न्यायची की मोडायची, विधवेच्या नावावर घर होणार की दिराच्या, हे प्रश्न कोणाच्या नकाशात नव्हते. ते गावकऱ्यांबरोबर बसूनच सोडवावे लागले. आपत्तीनंतरचे काम हा पुढे संस्थेच्या ओळखीचाच भाग झाला.

आणि याच तुळजापुरात पदवीधरांची जुनी अट सुटली. चालू शतकात संस्थेने इथे बारावीनंतर समाजकार्याची पदवी देणारा अभ्यासक्रम सुरू केला. देशात आणि राज्यात बी.एस.डब्ल्यू. आधीपासून होतेच. श्रीनिकेतनमध्ये होते, निर्मला निकेतनमध्ये होते, विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. टाटा संस्थेने ते उशिरा स्वीकारले. माझ्या मते या संस्थेच्या सगळ्या वाटचालीतले हे सर्वांत मोलाचे पाऊल.

कारण पदवीनंतरचा प्रवेश म्हणजे गाळणी. खेड्यातली मुलगी पदवी पूर्ण करून, इंग्रजीतली प्रवेश परीक्षा देऊन, मुलाखतीला मुंबई गाठेपर्यंत बऱ्याच जणी मागे पडलेल्या असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, आणि बीड जिल्ह्याचा आकडा राज्यात अगदी वरचा. बारावीला असलेल्या मुलीला घराजवळ, वसतिगृहासह, नोकरीच्या वाटेवर नेणारे शिक्षण मिळणे याचा अर्थ या भागात वेगळा होतो. शिवाय अठराव्या वर्षी ग्रामसभेत बसलेली, रेशन दुकानासमोर थांबलेली, रोजगार हमीच्या हजेरीपटात नावे तपासलेली मुलगी तीन वर्षांत गाव वाचायला शिकते. आणि तिला तो मुलूख आधीच ठाऊक असतो. शहरी पदव्युत्तर विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने जे समजून घेण्यात जातात, ते तिच्या घरातच घडलेले असते. तिला शिकायचे असते ते आपल्याच घराकडे जरा लांबून बघणे, आणि ते सोपे नसते.

अडचणी आहेत. इंग्रजी ही पहिली. गावात मराठीत झालेले बोलणे इंग्रजी रेकॉर्डिंगमध्ये उतरवताना त्यातला ताण, टोमणा, भीती गळून जाते आणि विद्यार्थी कमी हुशार ठरतो. क्षेत्रकार्याचे लेखन तरी विद्यार्थ्याच्या भाषेत स्वीकारले पाहिजे. दुसरी अडचण पैशांची. फेब्रुवारी २०१८ मध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृह व भोजन शुल्काच्या सवलतीवरून संस्थेच्या चारही आवारांत विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांनाच उंबरठ्यावर अडवले तर सगळी कल्पना कोसळते. आंदोलक विद्यार्थ्यांची बाजू न्याय्य होती.

तिसरी अडचण संस्थेच्या हातात नाही. हे शिक्षण घेऊन पुढे काय? नोकऱ्या आहेत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक, बचतगटांच्या उमेद अभियानातली पदे. पण यातली पुष्कळ पदे कंत्राटी, मानधनावरची आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या धास्तीतली. अनेक ठिकाणी समाजकार्याची पदवी अट म्हणून नसते, कुठलाही पदवीधर चालतो. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे. समाजकार्याच्या व्यवसायासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन करणारा कायदा मात्र अजून झालेला नाही, मसुदे तेवढे तयार झाले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने एका पिढीला जी जागा दिली, तशी जागा बालसंरक्षणात, आरोग्यात, ग्रामविकासात आजच्या पिढीला मिळालेली नाही.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी सरळ आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक बाल संरक्षण कक्षात आणि प्रत्येक संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात समाजकार्याची पदवी ही अट असलेली कायम पदे मंजूर करावीत आणि ती भरावीत. आणि बारावीच्या मुलांच्या पालकांना सांगणे असे, की तुमच्या मुलीला किंवा मुलाला माणसांत राहून काम करायचे असेल तर या अभ्यासक्रमाची माहिती घ्या. जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात जा आणि तिथे एकच प्रश्न विचारा: क्षेत्रकार्याची बैठक दर आठवड्याला होते का, आणि किती वेळ?